सिंहाची चार तिकिटं

मागच्या दिवाळीनंतर वहिनीचा फोन आला. "वन्सं, दादांचं कपाट आवरायला काढलंय. आजोबांचा तिकिटांचा अल्बम तुमच्याकडे पाठवते. तुम्ही इतिहास शिकवलात, तुम्हालाच काय ते कळेल." आठ दिवसांनी पुतण्या जुन्या साडीत गुंडाळलेलं ते बाड घेऊन आला. चहा घेता घेता हळूच म्हणाला, "आत्या, त्यातल्या इराणच्या सिंहांचं काय येईल गं? पोराच्या बाहेरच्या शिक्षणाचं बघतोय." मी म्हटलं, बघते. आणि तिथून माझ्या मागे हे इराणचं लचांड लागलं. आज त्याचा हिशेब मांडते आहे. आपल्या घरातल्या बऱ्याच जणांना या सिंहांची गोष्ट अर्धीमुर्धी माहीत आहे, म्हणून सगळं एकदाच लिहिलेलं बरं.

आमचे आजोबा मुंबईत फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते. कचेरीचा व्यवहार इराणी आखातातल्या बंदरांशी. तिकडून येणाऱ्या पत्रांची पाकिटं रद्दीत जायची, ती आजोबा घरी आणायचे. शिवाय पगारातून चार पैसे वाचले की एका दुकानदाराकडून तिकिटं विकत घ्यायचे. अल्बमच्या पहिल्याच पानावर, मधोमध, चार तिकिटं : जांभळं, हिरवं, निळं आणि लाल. प्रत्येकावर तलवार घेतलेला सिंह आणि त्याच्या पाठीमागे उगवता सूर्य. खाली आजोबांच्या अक्षरात 'इराणची पहिली तिकिटं'. ही चार तिकिटं म्हणजे आमच्या घरातली सोन्याची वीट. कुणाचं लग्न निघालं, कुणाचं घराचं कर्ज थकलं, की "सिंह आहेत ना" असं हसत हसत म्हटलं जायचं. आजोबा गेल्यावर अल्बम कुणाकडे राहणार यावरून काका आणि आमचे वडील दोन वर्षं बोलत नव्हते, हेही जुन्या माणसांना आठवत असेल.

मला फारसी येत नाही. पण मराठी येणाऱ्याला फारसी अगदी परकीही नसते. शिक्का, कागद, कारकून, दफ्तर हे सगळे तिकडचेच पाहुणे, आता घरचे झालेले. आकडे मात्र मुद्दाम शिकावे लागले. उभी रेघ म्हणजे एक, नुसता ठिपका म्हणजे शून्य, उलटा धरलेला बदाम म्हणजे पाच, तंबूसारखा आकार म्हणजे आठ आणि तोच तंबू उलटा केला की सात. एवढं आलं की तिकिटाची किंमत आणि बऱ्याचदा हिजरी सालही वाचता येतं. नाण्यांचं कोष्टक असं : वीस शाहींचा एक क्रान, दहा क्रानांचा एक तोमान.

आता इतिहासाकडे. टपालाच्या बाबतीत इराण म्हणजे जगाचा आजोबाच म्हणायला हवा. सार्डिसपासून सुसापर्यंतच्या सुमारे २,५०० किलोमीटरच्या राजमार्गावर टप्प्याटप्प्याने ताजे घोडे आणि ताजे स्वार ठेवून निरोप पोचवण्याची व्यवस्था अडीच हजार वर्षांपूर्वीच्या सम्राटांनी केली होती. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने तिचं कौतुक करून ठेवलं आहे. एकोणिसाव्या शतकापर्यंत घोड्यांवरची ही 'चापार' पद्धत कुठल्या ना कुठल्या रूपात चालूच होती. पण ती होती मुख्यतः सरकारसाठी. चार पैशांचं तिकीट लावून कुणीही कुणालाही पत्र धाडावं, ही कल्पना तिथे उशिरा आली. आपल्याकडे सिंधमध्ये १८५२ साली आणि सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात १८५४ साली तिकिटं आली. इराणला १८६८ उजाडावं लागलं.

नासिरुद्दीन शाहाच्या सरकारने १८६५ च्या सुमारास तिकिटांसाठी पॅरिसकडे पाहिलं. रीस्टर नावाच्या एका मुद्रकाने कुणी मागितलेले नसताना नमुने करून पाठवले. ते नाकारले गेले, पण संग्राहकांच्या बाजारात मात्र फिरत राहिले. म्हणजे इराणचं खरं तिकीट जन्माला येण्याआधीच त्याच्यासारखं दिसणारं काहीतरी बाजारात होतं! काम मिळालं ते आल्बेर बार यांना. हे पॅरिसच्या टांकसाळीतले नामांकित कोरक्ये. ग्रीसचं १८६१ चं हर्मिस देवाच्या मस्तकाचं तिकीट त्यांचंच. त्यांनी सिंह-सूर्याचे ठसे कोरून दिले आणि छपाई झाली तेहरानमध्ये. एक, दोन, चार आणि आठ शाही अशा चार किमती. कडांना भोकं नाहीत, कात्रीने कापायची. १८७५ मध्ये तेच ठसे पुन्हा वापरले, फक्त सिंहाच्या पोटाखाली किमतीचा आकडा घातला. प्रत्येक किमतीसाठी अवघे चार ठसे, त्या चौघांत बारीक बारीक फरक. ठसा उत्तम पॅरिसचा आणि छपाई मात्र हाताने, कमीजास्त शाईत, हाताशी असेल त्या कागदावर. त्यामुळे खरी तिकिटंसुद्धा एकासारखं एक नाही. नकली माल करणाऱ्याला याहून चांगलं रान कुठलं मिळणार?

पुढे रीडरर नावाच्या ऑस्ट्रियन टपाल अधिकाऱ्याला बोलावून रीतसर टपालखातं उभं केलं. १८७६ मध्ये शाहाचं चित्र असलेली तिकिटं व्हिएन्नात छापून आली, आणि १ सप्टेंबर १८७७ रोजी इराण जागतिक टपाल संघात दाखल झाला.

इथे आपल्या मुंबईचा संबंध सांगायला हवा, नाहीतर आजोबांच्या हाती ही पाकिटं आली कशी ते कळणार नाही. बुशहर हे इराणचं आखातातलं बंदर. इंग्रज त्याला बुशायर म्हणत. १८६२ पासून ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी मुंबईहून कराचीमार्गे आखातात टपाल नेऊ लागल्या आणि १ मे १८६४ रोजी बुशहरमध्ये हिंदुस्थानी टपालखात्याचं पोस्ट ऑफिस उघडलं. साल पुन्हा बघा : १८६४. इराणचं स्वतःचं पहिलं तिकीट निघण्याच्या चार वर्षं आधी इराणच्या भूमीवर हिंदुस्थानची तिकिटं चिकटत होती, त्यांच्यावर शिक्के बसत होते! बंदर अब्बास आणि लिंगे इथेही अशी पोस्ट ऑफिसं १८६७ साली निघाली. ती सगळी १९२३ मध्ये बंद झाली. शाळेत हे मी कधी शिकवलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं.

आता खऱ्याखोट्याचा प्रश्न. मी सुरुवात केली तेव्हा माझी समजूत सरळ होती : सरकारने काढलं ते खरं, भामट्याने काढलं ते खोटं. इराणच्या तिकिटांनी ही समजूत पार ढिली करून टाकली.

१८८५ ते १८८७ च्या काळात जुन्या तिकिटांवर नवी किंमत आणि 'ऑफिसिएल' हा फ्रेंच शब्द वरून छापला. तिकिटावर असा नंतर छापलेला मजकूर म्हणजे ओव्हरप्रिंट. पुष्कळांना वाटतं ही सरकारी कचेऱ्यांच्या वापराची तिकिटं. तसं नाही. 'ही नवी किंमत आता अधिकृत' एवढाच त्याचा अर्थ. तो ठसा करणं कुणालाही सोपं, म्हणून त्याच्या नकला ढिगाने झाल्या. १८९९ मध्ये खात्याने आपल्याच तिकिटांवर जांभळ्या शाईत नियंत्रणाचा शिक्का मारायला घेतला. मग त्या शिक्क्याच्याही नकला झाल्या. १९०२ मध्ये तेहरानमध्ये चक्क छापखान्यातले खिळे जुळवून तिकिटं छापली आणि त्यांच्यावर सिंहाचा शिक्का उठवला. खिळे जुळवणाऱ्याच्या चुका त्यात जागोजाग. चूक असलेलं तिकीट दुर्मीळ, दुर्मीळ म्हणून महाग, आणि महाग म्हणून पुन्हा नकली.

शिवाय खात्यातूनच शिल्लक तिकिटं कोपऱ्यात सुबक शिक्का मारून संग्राहकांसाठी विकली जात. तिकीट खरं, शिक्काही खरा, पण पत्रावर ते कधी चिकटलेलंच नाही. मागे डिंक जसाच्या तसा! १९०९ ची सिंहांची मालिका आणि १९११ ची अहमद शाहाची मालिका यांची तर नंतर पुन्हा केलेली छपाई बाजारात सापडते. आता अशा तिकिटाला खरं म्हणायचं की खोटं?

याचा राग येतो, पण त्या काळचा इराणही पाहावा लागतो. तिजोरी रिकामी, उत्तरेकडून रशिया आणि दक्षिणेकडून इंग्रज दाबताहेत, जकात आणि टपाल नाउस नावाच्या बेल्जियन माणसाच्या हाती. या नाउसला काढा अशी मागणी लोकांनी केली आणि १९०७ मध्ये नव्या मजलिसने त्याला घालवून दिलंच. अशा देशात परदेशी संग्राहक कागदाच्या कपट्याला रोख पैसे मोजायला तयार असेल, तर कारकुनापासून वरिष्ठापर्यंत कुणाला मोह पडणार नाही? आणि मागणी होती म्हणूनच पुरवठा झाला, हेही विसरू नये. युरोपात तर नकली तिकिटांचा उघड धंदा चाले. जिनिव्हाचा फूर्निए आपल्या मालाला नक्कल म्हणूनच किंमतपत्रक छापून विकायचा. त्याच्याकडून नक्कल म्हणून घेतलेलं तिकीट पुढच्या दुकानात खरं म्हणून विकलं जायचं.

तर मग ओळखायचं कसं? पुण्यातल्या एका जुन्या संग्राहकांनी मला दोन दुपारी बसवून शिकवलं. त्यातलं जे मला कळलं ते सांगते.

पहिली गोष्ट छपाई. आमच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका गावातल्या ट्रेडल छापखान्यात खिळ्यांवर छापून यायच्या. कागद उलटा करून बोट फिरवलं की अक्षरांचा उठाव लागायचा. कोरलेल्या ठशावरून छापलेल्या जुन्या तिकिटाचंही तसंच. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहिलं की रेषेच्या कडेला दाबून सरकलेल्या शाईची गडद किनार दिसते आणि मागे किंचित दाब जाणवतो. दगडावरून, म्हणजे शिळाछापाने, केलेल्या नकलेत शाई सपाट बसते आणि मागची बाजू गुळगुळीत असते.

दुसरी गोष्ट क्रम. आधी तिकीट छापलं, मग ओव्हरप्रिंट आलं, मग टपालाचा शिक्का बसला. म्हणजे शिक्का सगळ्यांत वर हवा. वापरलेलं स्वस्त तिकीट घेऊन त्याच्यावर ओव्हरप्रिंट मारलं असेल तर ते शिक्क्याच्या वर बसतं. चोर तिथे सापडतो.

तिसरी गोष्ट शिक्का. गाव, तारीख आणि तिकीट यांचा मेळ बसायला हवा. निघण्याच्या आधीची तारीख असलेलं तिकीट मी एका विक्रेत्याच्या यादीत स्वतः पाहिलं! ज्या शिक्क्यात वाचण्यासारखं काहीच नाही त्याच्यावर तर जास्तच संशय घ्यावा.

चौथी गोष्ट म्हणजे एकट्या तिकिटावर विसंबू नये. खात्रीच्या खऱ्या नमुन्याशेजारी ठेवून पाहावं. कागद, रंग, कडेची भोकं, रेषा, सगळं. इराणच्या तिकिटांचा अभ्यास करणारी मंडळं आहेत, इंग्लंडमध्ये तर त्यांचं स्वतंत्र अभ्यासमंडळ आहे. महागडं तिकीट जाणकारांच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊ नये आणि विकूही नये.

हे सगळं शिकून मी एका दुपारी दार लावून आमच्या सिंहांसमोर बसले. खोटं कशाला सांगू, हात थरथरत होते.

मागे दाब नव्हता. भिंगातून शाई सपाट दिसली. तरी मन म्हणत होतं, छपाई पुसट असेल, कागद जुना आहे. मग शिक्के पाहिले. चौघांवरही गोल शिक्क्याचा एक तुकडा होता, खालच्या उजव्या कोपऱ्यात. वाचता येईल असं एकही अक्षर नाही. आणि चारही ठिकाणी ती कमान एकाच जागी तुटलेली, एकाच कोनात बसलेली. छत्तीस वर्षं मी उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. चार पोरांनी एकाच ओळीत एकच चूक केली की काय समजायचं ते मला कुणी शिकवावं लागत नाही. चार वेगळ्या किमतींची तिकिटं वेगवेगळ्या कागदांवर छापली जातात. टपालातला माणूस हाताने शिक्के मारतो, ते चौघांवर केसाइतकाही फरक न होता कसे बसतील? ते शिक्के तिकिटांबरोबरच छापले होते. पुण्याच्या गृहस्थांनी दोन मिनिटं पाहून मान हलवली. "ताई, जुनी आहेत, पण नकलाच."

सिंहांच्या पुढच्या पानावर आजोबांची दुसरी ठेव होती : 'बुशायर' ओव्हरप्रिंटची तीन तिकिटं. १९१५ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांनी बुशहर ताब्यात घेतलं. आसपासच्या तंगिस्तानी लोकांनी आधी हल्ला केला होता, त्यांचा पुढारी रईस अली देलवारी त्याच सप्टेंबरात मारला गेला. इराणात आजही तो वीर मानला जातो. या धामधुमीत इंग्रजांनी अहमद शाहाच्या तिकिटांवर 'बुशायर, ब्रिटिश ताब्याखाली' अशा अर्थाच्या तीन इंग्रजी ओळी छापल्या. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, जेमतेम दोन महिने, ती चालली. इतक्या कमी मुदतीची तिकिटं, म्हणून भाव मोठा आणि नकलाही उदंड. आमच्या तिन्ही तिकिटांवर ओव्हरप्रिंटची काळी शाई टपालाच्या शिक्क्यावर स्पष्ट चढलेली आहे. तीही गेली.

आजोबांना कुणीतरी फसवलं. तीस रुपये पगाराच्या माणसाने किती महिने चहा सोडून ती घेतली असतील, कोण जाणे.

अल्बम मिटताना मागच्या पुठ्ठ्याच्या खिशातून एक पाकीट घसरलं. तपकिरी, कडा खाल्लेलं, आजोबांच्या कचेरीच्या पत्त्याचं. त्याच्यावर सातव्या एडवर्डचं एका आण्याचं तांबडं तिकीट. शिक्का गोल आणि स्वच्छ : बुशायर, १९१०. मागे मुंबईला पोचल्याचा शिक्का. गाव जुळतं, तारीख जुळते, तिकीट जुळतं. पुण्याचे गृहस्थ या पाकिटावर मात्र बराच वेळ थांबले. "हे अस्सल. सिंहांइतकी किंमत नाही याला, पण असं गठ्ठाभर असतं ना..." असं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

असं गठ्ठाभर होतं. आता जे सांगते ते साठ वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. मी नऊ-दहा वर्षांची असताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत अशी पाकिटं सुतळीने बांधलेली होती. शाळेत तिकिटं जमवायचं वेड आलं होतं. मे महिन्याच्या एका दुपारी मी घंगाळात कोमट पाणी घेतलं आणि ती सगळी पाकिटं भिजत घातली. तिकिटं सुटून वर आली, ती वर्तमानपत्रावर वाळवली, आणि पाकिटांचा लगदा मागच्या दारी टाकला. एका आण्याची तांबडी तिकिटं हिंदुस्थानभर कोटींनी खपली होती. पाण्यात गेलं ते गाव, तारीख, पत्ता, म्हणजे ती पत्रं बुशहरहून मुंबईला आल्याचा पुरावा. वडील संध्याकाळी आले तेव्हा मार दादाने खाल्ला. उद्योगी तोच समजला जायचा. मी गप्प बसले. दादाही कधी बोलला नाही. त्याला माहीत होतं, एवढं नक्की.

गेल्या रविवारी वहिनीकडे जाऊन सगळं सांगितलं. सिंहांचं आणि घंगाळाचंही. पुतण्याचा चेहरा उतरला, ते साहजिकच. वहिनीने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घंगाळाचं त्यांनी मला लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. म्हणाले होते, तिला कधी विचारू नकोस." मग आम्ही दोघी थोडा वेळ काहीच बोललो नाही.

पोराच्या शिक्षणाचं कर्ज काढायचं ठरलं आहे, मीही जमेल तेवढं देणार आहे. अल्बम विकायचा नाही. सिंहांच्या पानावर आजोबांच्या ओळीखाली मी पेन्सिलने 'शिळाछाप नकला' असं लिहून ठेवलं आहे, म्हणजे आपल्यापैकी कुणी उद्या ते खरे म्हणून विकणार नाही. पाकीट प्लॅस्टिकच्या आवरणात घालून वहिनीकडेच दिलं.

नातेवाईकांना एक विनंती. काकांच्या घरी त्या ट्रंकेतले काही कागद गेले होते, असं अंधुक आठवतं. माळ्यावर कुठे जुनी पाकिटं सापडली तर तिकिटं काढू नका, पाणी लावू नका, चिकटपट्टी तर मुळीच नको. जशी आहेत तशी ठेवा आणि पुढूनमागून फोटो काढून मला पाठवा. मी वाट पाहते आहे.